बाळाचे क्रोशाचे बूट : लोकर कोणती, सुई कितीची आणि ते पायात टिकतात कसे?

आत्याबाई, १२ फेब्रुवारी

मंडळी, मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात मी आत्या होणार आहे. वहिनीचं माहेर नागपूरचं, बाळंतपण तिकडेच. बाळंतविड्यातलं दुपटं, झबली, टोपडी सगळं विकत आणू, पण पायातले बूट मात्र मी हाताने करणार, असं डोहाळजेवणात पंचवीस बायकांसमोर बोलून बसले. आता शब्द फिरवायची सोय नाही.

माझं भांडवल किती, तर शाळेत कार्यानुभवाच्या तासाला क्रोशाचा रुमाल केला होता. खरं तर अर्धा केला होता, उरलेला आईने केला. साखळी येते, मुका खांब येतो, खांब येतो. गोल विणायला घेतलं की त्याची वाटी होते.

परवा रविवार पेठेत गेले. दुकानदार म्हणाला, "तीन प्लाय की चार प्लाय?" मी म्हटलं, "बाळासाठी." त्याने एक गुलाबी गोळा काढून दिला. सुई मागितली तर म्हणाला, "दहा नंबर घ्या, त्यात सगळं होतं." घरी येऊन व्हिडिओ लावला तर त्यातली बाई साडेतीन मिलिमीटर म्हणते. माझ्या सुईवर काहीच लिहिलेलं नाही. तरी केला एक बूट. तो माझ्या हाताच्या अंगठ्यात अगदी बेतशीर बसला.

मग आईच्या पेटीतल्या जाड सुईने दुसरा केला, तो बाळाच्या बापाला होईल. कुठे चुकतंय ते सांगा. आणि हो, बाळाचं माप घ्यायला बाळ अजून आलेलं नाही.

नागपुरी_संत्रं, १२ फेब्रुवारी

अभिनंदन आत्याबाई! पण मे महिन्यात नागपुरात लोकरीचे बूट? काऊन वो ताई, लेकराने असा काय गुन्हा केला? इथे तेव्हा पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, मोठी माणसं ओला दुपट्टा बांधून फिरतात. दिवसभर कूलर, त्यात बाळाचे पाय घामेजणार. सुती दोऱ्याचे करा बाप्पा.

जुनी_गोधडी, १२ फेब्रुवारी

संत्रं बरोबर बोलतंय. पण आधी तो गुलाबी गोळा नक्की कशाचा आहे ते बघू. आपल्याकडे दुकानात सगळ्यालाच 'लोकर' म्हणतात. लुधियानाहून येणारा वर्धमान, ओसवाल वगैरेंचा साधा बेबी माल बहुतेक ॲक्रिलिक असतो. मेंढीची लोकर घातलेले मालही त्यांच्याकडे आहेत, पण ते लेबलवर लिहिलेलं असतं आणि किमतीत लगेच कळतं.

लेबल फेकून दिलं असेल तर बोटभर धागा चिमट्यात धरून जाळून बघा. मोरीत उभं राहून, हाताशी पाणी ठेवून. ॲक्रिलिक वितळतं, काळा धूर सोडतं आणि टोकाला कडक काळा मणी उरतो. मेंढीची लोकर केस जळाल्यासारखी घाण वास मारते, ज्योत काढली की विझते, राख चिमटीत चुरते. सूत कागदासारखं जळतं आणि मऊ राखाडी राख होते. मिश्र धागा असेल तर दोन्हींची लक्षणं दिसतात, तिथे ही परीक्षा फसते.

ॲक्रिलिक वाईट नाही. मऊ असतं, मशीनमध्ये धुता येतं, रंग टिकतो, स्वस्त. माझ्या दोन्ही मुलांनी तेच घातलं. पण ते घाम शोषत नाही. पुण्यातल्या डिसेंबरच्या बाळाला चालेल, नागपुरातल्या मेच्या बाळाला नाही.

टोरांटोकर, १३ फेब्रुवारी

इथे उणे वीस. आमच्याकडे उलटं, सुती बूट दाखवले तर सासूबाई व्हिडिओ कॉलवरूनच ओरडतील.

प्लायचा घोळ मी सांगते, कारण त्यात मी पैसे घालवलेत. प्लाय म्हणजे किती पदर एकत्र पिळलेत ते. पदर बारीक असेल तर चार पदरी धागाही बारीकच होणार. शिवाय ब्रिटिश पद्धतीत 'फोर प्लाय' हे एका बारीक जाडीचं नाव आहे, अमेरिकेतले लोक त्याला फिंगरिंग म्हणतात. अमेरिकेत मात्र जुन्या गोळ्यांवर 'फोर प्लाय' लिहिलेलं असलं की तो बराच जाड, वर्स्टेड. म्हणजे एकच शब्द आणि दोन जाड्या. मी मुंबईहून आणलेल्या नमुन्यासाठी इथला फोर प्लाय घेतला आणि बाळाऐवजी मांजराला होतील असे बूट झाले. मांजराने घातले नाहीत.

आता मी गोळ्यावरचा आकडा बघते. ० ते ७ असे जाडीचे गट असतात, ० म्हणजे लेसचा दोरा, ७ म्हणजे दोरखंड. बाळाच्या बुटांना १, २ किंवा ३. तीनला डीके म्हणतात, शिकाऊ माणसाला तेच बरं, टाके डोळ्यांना दिसतात.

मेंढीची घ्यायची तर मरिनो, म्हणजे मऊ जातीची, आणि 'सुपरवॉश' लिहिलेली, नाहीतर पहिल्या धुण्यात आटून नमदा होतो. मोहेर, अंगोरा असले लवदार धागे बाळासाठी नकोत, ती लव तोंडात जाते.

बाबा_विणतोय, १३ फेब्रुवारी

सुईच्या नंबरावर मी बोलतो. लॉकडाऊनमध्ये शिकलो, आता घरात सगळ्यात जास्त सुया माझ्या आहेत. बायकोची तक्रार वेगळीच आहे, असो.

नंबर विसरा. जुन्या ब्रिटिश पद्धतीत आकडा वाढला की सुई बारीक होते. आपल्या आया 'दहा नंबरच्या सुया' म्हणायच्या त्या याच पद्धतीतल्या, साधारण सव्वातीन मिलिमीटरच्या. अमेरिकन पद्धतीत आकडा वाढला की सुई जाड. ब्रिटिश ८ म्हणजे ४ मिमी आणि अमेरिकन ८ म्हणजे ५ मिमी. त्यातून लेसच्या बारीक पोलादी सुयांचे नंबर आणखी वेगळे. तिथेही आकडा मोठा तशी सुई बारीक, आणि आत्याबाई, मला वाटतं तुम्हाला तीच दिली. पोलादी १० नंबर जेमतेम एक-सव्वा मिलिमीटरची असते, रुमालाच्या कडेला लावायची. अंगठ्याएवढा बूट होणारच.

मोजायची युक्ती सांगतो. माझ्याकडे व्हर्निअर आहे. वाकड्या टोकापाशी, म्हणजे जिथे खाच आहे तिथे मोजू नका. त्याच्या मागे जो सरळ गोल दांडा असतो, अंगठा टेकवायच्या चपट्या जागेच्या आधी, तो मोजा. टाक्याचा आकार तोच ठरवतो. व्हर्निअर नसेल तर हार्डवेअरच्या दुकानात ड्रिलच्या पात्यांचा डबा मागा. प्रत्येक पातं एका भोकात बसतं आणि भोकावर मिलिमीटर लिहिलेले असतात. सुई त्या भोकांतून घालून बघा. दुकानदार विचित्र बघेल.

विकत घ्यायची तर साडेतीनची ॲल्युमिनियमची घ्या. पोनीची स्वस्तात मिळते, आकडा दांड्यावर कोरलेला असतो. रोज दोन तास विणणार असाल तर रबरी मुठीची, जपानी क्लोव्हरची वगैरे. महाग आहे, पण माझं मनगट दुखायचं थांबलं ते त्यानेच. बांबूची दिसायला छान, सुती दोरा मात्र तिच्यावर अडकत अडकत सरकतो.

आत्याबाई, १३ फेब्रुवारी

हार्डवेअरवाल्याकडे जाऊन आले. त्याने विचारलं, "मॅडम, कशाला भोक पाडायचंय?" मी म्हटलं, बाळाच्या बुटाला. त्याने पुढे काही विचारलं नाही.

दुकानातली सुई १.२५ निघाली. आईच्या पेटीतली साडेपाच! बाबा, तुम्ही थोर आहात.

कोकणकन्या_१२, १४ फेब्रुवारी

आम्ही रत्नागिरीला, बारा महिने दमट. सुतावर माझा अनुभव थोडा वेगळा आहे म्हणून लिहिते. सगळे 'सुती घ्या, सुती घ्या' म्हणतात पण सुताला ताण नसतो हे कुणी सांगत नाही. लोकर, ॲक्रिलिक ओढलं की परत येतं. सूत येत नाही, ओलं झालं की आणखी सैलावतं. मी भाचीला केलेले सुती बूट पहिल्या धुण्यानंतर अर्धा सेंटिमीटर वाढले आणि मग बाळाच्या पायात ते दिवसात एकूण चार मिनिटं राहिले. एक अजून सोफ्याखाली असेल.

तेव्हापासून मी अर्धं सूत अर्धं ॲक्रिलिक असा मिश्र धागा घेते. 'मिल्क कॉटन' नावाने जे मिळतं त्यातही बऱ्याचदा ॲक्रिलिक असतं, लेबल वाचून घ्यायचं. आणि चकचकीत मर्सराइज्ड सूत नको. त्यावर कॉस्टिक सोड्याची प्रक्रिया होते, दोरा मजबूत आणि तकतकीत होतो, पण पायाला जरा कडक लागतो. टेबलावरच्या रुमालाला ठीक. बुटाला मंद, बिनचकाकीचं सूत.

रातपाळी, १४ फेब्रुवारी

मी नवजात बाळांच्या वॉर्डात परिचारिका आहे. विणकाम येत नाही, तरी दोन गोष्टी सांगते.

बाळाचे हातपाय गार लागले म्हणून बाळाला थंडी वाजतेय असं नाही. नवजात बाळाचे पंजे गारच असतात. पोट किंवा मानेमागे हात लावून बघा. तिथे ऊब असेल तर बाळ ठीक आहे. नागपूरच्या मेमध्ये बूट हे एसीच्या खोलीपुरते आणि बारशाच्या फोटोपुरते. झोपेत काढून ठेवा.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. मोजे आणि बूट घालण्यापूर्वी दर वेळी उलटे करून आत बघा. आतला सुटा धागा किंवा आईचा गळलेला केस बाळाच्या पायाच्या बोटाला गुंडाळला जातो, बाळ पाय हलवतं तसा तो आवळत जातो. रक्त अडतं, बोट लाल, मग निळं पडतं. बाळ रडत राहतं आणि घरात सगळ्यांना वाटतं पोट दुखतंय. मी अशी बोटं पाहिली आहेत. कारण न कळता बाळ रडत असेल तर कपडे काढून हातापायाची सगळी बोटं बघायची, ही सवयच लावून घ्या.

बटण, मणी, मोती, घुंगरू काहीही लावू नका. ते निघतं आणि तोंडात जातं.

आत्याबाई, १४ फेब्रुवारी

बापरे. मी दोन मोत्याची बटणं आणली होती. ती माझ्या ब्लाउजला लावते.

जुनी_गोधडी, १४ फेब्रुवारी

रातपाळीताईंनी लाखाची गोष्ट सांगितली. त्याला जोडून, धाग्याचं टोक कापताना वीतभर ठेवा. बोथट टोकाच्या, मोठ्या नाकाच्या सुईत ओवून टाक्यांच्या आतून एकदा पुढे, एकदा मागे, परत एकदा पुढे असं फिरवा आणि मगच कापा. गाठ मारून कापलेलं टोक सुताला दोन धुण्यांत सुटतं. तळव्याखाली गाठ तर मुळीच नको. तशी सुई नसेल तर बारीक दाभण चालेल, टोक कानशीवर घासून बोथट केलेला.

आता मापाचं. जन्मलेल्या बाळापासून तीन महिन्यांपर्यंत तळवा साधारण नऊ सेंटिमीटर धरा. तीन ते सहा महिने दहाच्या आत-बाहेर, वर्षापर्यंत अकरा-साडेअकरा. नुकत्या जन्मलेल्याला आठसुद्धा पुरतं, पण ते महिनाभरात होईनासं होतं, म्हणून मी नऊच करते.

माझा नमुना देते. माझा म्हणजे माझ्या मावशीचा, तिने कुठून घेतला देव जाणे. धागा डीके जाडीचा, सुई साडेतीनची. जोडीला वीस-पंचवीस ग्रॅम लागतात, पन्नासचा एक गोळा पुष्कळ झाला.

मी मुका खांब म्हणते तो अमेरिकन व्हिडिओतला 'सिंगल क्रोशे'. ब्रिटिश पुस्तकात त्यालाच 'डबल क्रोशे' म्हणतात आणि आपला साधा खांब, जो अमेरिकेत 'डबल', तो ब्रिटिशांकडे 'ट्रेबल'. नमुना कुठला आहे हे न बघता सुरुवात केली की आत्याबाईंचा दुसरा बूट होतो.

१२ साखळ्या घाला. सुईवरचं घर यात मोजायचं नाही.

पहिला फेर : सुईपासूनच्या दुसऱ्या साखळीत पहिला मुका खांब, असे ओळीने १०. शेवटच्या साखळीत ३. आता काम न उलटता साखळीच्या खालच्या अंगाने परत या, ९ मुके खांब. ज्या साखळीत सुरुवात केली तिच्यात अजून २. जोडटाक्याने फेर बंद. एकूण २४.

दुसरा फेर : १ साखळी, ही मोजायची नाही, प्रत्येक फेराला असंच. पहिल्या घरात २ मुके खांब. मग ५ मुके, ४ अर्धे खांब (उंचीला मुका आणि साधा खांब यांच्या मधले). चवड्याच्या ३ घरांत प्रत्येकी २ अर्धे खांब. ४ अर्धे, ५ मुके. टाचेच्या उरलेल्या २ घरांत प्रत्येकी २ मुके. एकूण ३०. चवड्याकडे अर्धे खांब घातल्यामुळे तळवा तिथे जरा रुंद होतो, खऱ्या पायासारखा.

तिसरा फेर, सगळे मुके खांब : एका घरात २, पुढच्यात १. मग ९ सरळ. मग (२, १) असं तीनदा. परत ९ सरळ. मग (२, १) दोनदा. एकूण ३६. तळवा झाला. पट्टी लावून बघा. नऊ सेंटिमीटरच्या आसपास नसेल तर पुढे जाऊ नका, सुई बदला.

चौथा फेर : ३६ मुके खांब, पण घराच्या माथ्यावरच्या दोन पाकळ्यांपैकी फक्त मागच्या पाकळीत. त्याने काठ मुडपतो आणि भिंत उभी राहते. पाचवा, सहावा : सरळ ३६.

सातवा : ९ सरळ, मग दोन घरं एकत्र असं ८ वेळा, मग ११ सरळ. २८ उरतील. आठवा : ९ सरळ, दोन घरं एकत्र ४ वेळा, ११ सरळ. २४. इथे बूट एकदम बुटासारखा दिसायला लागतो, तेव्हा कुणाला तरी हाक मारून दाखवाच.

नववा : २४ खांब, सुरुवातीच्या ३ साखळ्या हा पहिला खांब धरून. यातून बंद ओवायचा. मग तीन फेर मुक्या खांबांचे आणि संपलं.

आत्याबाई, १६ फेब्रुवारी

गोधडीताई, साष्टांग. अर्धं सूत अर्धं ॲक्रिलिक असा डीके मिळाला, लिंबाच्या रंगाचा. मुलगा-मुलगी कोणीही येवो.

पण माझे तिसऱ्या फेरात ३७ येतात. दोनदा उसवलं. तिसऱ्यांदा ३८ आले. माझं गणित दहावीनंतर कधी इतकं बिघडलं नव्हतं.

बाबा_विणतोय, १६ फेब्रुवारी

जोडटाक्याच्या डोक्यात सुई घालताय. फेर जोडला की जोडटाका एका घरासारखाच दिसतो, फसवतो तो. फेराच्या शेवटी एक घर उरल्यासारखं वाटतं ना? ते घर नाही. दुसऱ्या फेरात एकदा केलं की ३० चे ३१, तिसऱ्यात परत केलं की आणखी एक.

फेराचा पहिला मुका खांब झाला की लगेच त्याच्या डोक्यात दुसऱ्या रंगाचा धागा अडकवा, किंवा सेफ्टी पिन. जोडटाका त्याच खुणेत घालायचा. खुणेच्या अलीकडे जे काही दिसेल त्याच्याकडे दुर्लक्ष.

आत्याबाई, १६ फेब्रुवारी

३६!!! हिरव्या धाग्याची खूण केली. एकदाच नाही, तीनदा मोजले. नवऱ्यालाही मोजायला लावले, त्याला ३५ आले, पण त्याचं सोडा.

पारिजात, १७ फेब्रुवारी

चांगला धागा. (दोन्ही अर्थांनी.)

मला एक कळत नाही. गोधडीताईंनी मापाचं बरोबर सांगितलं, तरी बाळं बूट काढतातच. माझ्या मुलीने सगळे लाथाडले. घोटा बारीक आणि पाऊल गुबगुबीत, बूट टाचेवरून वर सरकतो आणि पडतो. उपाय आहे का?

कोकणकन्या_१२, १७ फेब्रुवारी

आहे, पूर्ण नाही. घोट्याचे शेवटचे तीन फेर अर्धा मिलिमीटर बारीक सुईने करा. साडेतीनच्या जागी तीन. तोंड आवळतं पण पाय आत जातो.

बंद क्रोशाचाच करा, साखळीवर एक ओळ जोडटाक्यांची. सॅटिनची रिबीन दिसते गोड आणि सुटते आपोआप. बंदाची लांबी घोट्याभोवती जाऊन लहान सुरगाठ बसेल इतकीच. आणि टाचेच्या मधोमध दोन टाके मारून बंद बुटाला पक्का शिवून टाका. म्हणजे सुटला तरी निघून बाळाच्या हातात येत नाही.

मी घोट्याचा भाग सहा-सात फेर उंच करून दुमडते. उंच बूट पोटरीला धरून राहतो. जेवढा ठेंगणा तेवढा लवकर उडतो.

टोरांटोकर, १७ फेब्रुवारी

हे खरं आहे. आमच्याकडे सगळे उंचच. आणि बाळ उभं राहायला लागलं की बूट बंद. लाकडी जमिनीवर क्रोशाचा तळवा साबणासारखा घसरतो. चालायला शिकताना घरात अनवाणीच बरं.

हो, बाहेरचा धागा घेणाऱ्यांनी ओइको-टेक्सचा शिक्का बघावा. त्यात पहिला वर्ग तीन वर्षांपर्यंतच्या मुलांच्या वस्तूंसाठी असतो, हानिकारक रसायनांची सगळ्यात कडक तपासणी त्याच वर्गाची.

नागपुरी_संत्रं, १८ फेब्रुवारी

एक सांगायचं राहिलं. इस्त्री करू नका! माझ्या आईने नातवाचे ॲक्रिलिकचे बूट छान सपाट दिसावेत म्हणून गरम इस्त्री फिरवली. धाग्याचा जीवच गेला. लुळे पडले, चकचकीत झाले, परत फुललेच नाहीत. ओला करून, आत कापसाचा बोळा भरून सावलीत ठेवला की आकार आपोआप बसतो.

विकणारी_मावशी, १९ फेब्रुवारी

मी असे बूट करून प्रदर्शनात मांडते म्हणून एक तळमळ. लोक जोडी हातात घेतात आणि म्हणतात, "एवढीशी वस्तू, एवढे पैसे?" दोरा तीस-चाळीस रुपयांचा असेल, पण एका जोडीला मला चार तास लागतात आणि ते चार तास सलग कधीच मिळत नाहीत. दोन सुयांवरच्या विणकामाची यंत्रं आहेत. खरा क्रोशा अजून हातानेच होतो, बाजारात यंत्रावरची दिसते ती नक्कल. आंध्रात नरसापूरला मिशनऱ्यांच्या काळापासून बायका घरात बसून क्रोशाची लेस करताहेत, जगभर जाते, त्यांच्या हातात किती पडतं ते विचारू नका.

तर आत्याबाई, कुणी 'मलाही एक करून दे ना' म्हटलं की सुई त्यांच्या हातात द्या.

आत्याबाई, १९ फेब्रुवारी

मावशी, हे म्हणणारे आत्तापर्यंत तिघे झाले. एक तर ऑफिसातला, त्याला बाळ नाही, कुत्रा आहे.

बाबा_विणतोय, १९ फेब्रुवारी

कुत्र्याला चार लागतात.

जुनी_गोधडी, २० फेब्रुवारी

आत्याबाई, दुसरा बूट लगेच घ्या. पहिला झाला की माणूस खूश होऊन ठेवून देतो आणि पंधरा दिवसांनी हात बदलतो. घट्ट विणणारी सैल विणते. आणि गोळा संपत आला असेल तर नवा घेताना लेबलावरचा डाय लॉटचा, म्हणजे एका वेळी रंगवलेल्या मालाचा आकडा जुळवा. तोच रंग, तेच नाव, तरी एक लिंबू पिकलेलं आणि एक कच्चं निघतं.

आत्याबाई, ९ मार्च

ताई, तुमचं ऐकलं नाही. पहिला झाला, व्हॉट्सॲपवर टाकला, कौतुक झालं, मग मार्चअखेरचं ऑफिस. काल दुसरा केला. आकडे सगळे बरोबर, २४, ३०, ३६, २८, २४. पण टीव्हीवर मॅच लागली होती आणि शेवटच्या षटकांत मी फारच घट्ट विणलं असावं. पहिला नऊ सेंटिमीटर, दुसरा साडेआठ.

आज सकाळी शांतपणे तिसरा केला. नऊ. पहिल्याशेजारी ठेवला, उलटा करून आत बघितलं, टोकं सगळी तीनदा फिरवलेली. बंद टाचेला शिवला.

पहिला आणि तिसरा डब्यात कडुनिंबाच्या पाल्याबरोबर ठेवलेत. दुसरा भावाने उचलला, त्याच्या गाडीच्या किल्लीला अडकवलाय. त्याला म्हटलं, अरे तो चुकलाय. म्हणाला, राहू दे, मी पण नवीनच आहे.